तीन घरं, एकवीस दिवस, दोन लहान मुलं: मे महिन्यात नातेवाइकांकडे जायचा बेत

पहिल्या वर्षी आम्ही बारा दिवसांत सात घरं केली. कोणी रुसायला नको म्हणून. सातव्या घरी थोरल्याने उंबऱ्यातच बसकण मारली आणि "मला कोणाचंच घर नको" म्हणून भोकाड पसरलं. आत काकू पुरणपोळ्यांचा घाट घालून बसल्या होत्या. शेवटी त्या पोळ्या आम्ही दोघांनी मान खाली घालून खाल्ल्या, आणि पोरगं पायरीवर बिस्किटाचा पुडा घेऊन बसलं.

आता थोरला साडेपाच वर्षांचा आहे, धाकटी सव्वादोन. आमचा फेरा ठाण्याहून निघतो, रत्नागिरीजवळच्या सासरी उतरतो, आंबा घाट चढून कोल्हापूरला आत्याकडे जातो आणि मिरजेला माहेरी संपतो. एकवीस दिवस, तीन घरं. तुमची गावं वेगळी असतील, पण बेत आखायची रीत फारशी बदलत नाही.

आधी घरं ठरवा, मग तारखा

ज्या घरी तीन रात्री राहता येणार नाही, त्या घरी मुलांना मुक्कामाला नेऊ नका. पहिल्या रात्री मूल बिचकतं. पंख्याचा आवाज वेगळा, अंधार वेगळा, न्हाणीघर परकं. दुसऱ्या दिवशी ते घर हुंगतं: मांजर कुठे बसते, आजोबांचा चष्मा कुठे असतो, खाऊची बरणी कुठल्या फळीवर आहे. तिसऱ्या दिवशी ते तुम्हाला विसरतं. दौऱ्याचं सगळं सुख त्या तिसऱ्या दिवसात असतं, आणि आपण नेमके दुसऱ्या दिवशी सामान बांधत असतो.

मग बाकीचे नातेवाईक? प्रत्येक गावात एक मुक्कामाचं घर धरा आणि उरलेल्यांना संध्याकाळी पाच ते सात या वेळेत भेटा, नाहीतर त्यांनाच तिकडे बोलवा. आम्ही सासरी एका रविवारी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ करतो आणि आसपासच्या सगळ्या चुलत घरांना सांगतो. एका संध्याकाळी अकरा जण भेटून जातात आणि मुलं स्वतःच्या अंगणातच असतात.

नाही म्हणणं जड जातं, हे खरं. त्यासाठी वाक्य तयार ठेवा आणि फोनवर आधीच सांगून मोकळे व्हा: "काकू, जेवायला नको, धाकटी दुपारी झोपते. पाच वाजता चहाला येतो, तुमच्या हातचे पोहे चालतील." यात नकार आहे, पण पोह्यांमुळे तो कोणाला लागत नाही. "बघू, जमलं तर येतो" हे मात्र म्हणू नका. तिकडे डाळ भिजत पडते.

कोकण आधी, घाटमाथा नंतर

आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात खाली उतरतो. हापूस तेव्हा ऐन भरात असतो, फणस-करवंदं सुरू झालेली असतात. महिनाअखेरीस आंबा सरत येतो, वळिवाच्या सरी येऊन दिवे जायला लागतात आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग उभा राहतो. विदर्भात आजोळ असलेल्यांनी तर मे टाळता येत असेल तर टाळावा. तिथल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, यावरूनच काय ते समजा.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे 3 मेची गाडी हवी असेल तर 4 मार्चला सकाळी आठला मोबाइल हातात घेऊन बसायचं. कोकणच्या गाड्या मेमध्ये मिनिटांत भरतात, तेव्हा प्रवाशांची नावं-वयं आदल्या रात्रीच भरून ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाला बर्थ हवा असेल तर 2016 पासून पूर्ण भाडं पडतं, बर्थ नको असेल तर अर्धं. पाच पूर्ण झालेल्या मुलाचे पैसे मी वाचवत नाही. सात-आठ तास मांडीवर साडेपाच वर्षांचं पोर म्हणजे काय, हे एकदा अनुभवलंय.

एसटीत पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. शिवाय मार्च 2023 पासून बायकांना राज्यात अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्या आजी-आजोबांना प्रवास मोफत आहे. आजीला सोबत न्यायचं असेल तर तिचं आधार कार्ड आठवणीने घ्या.

रात्रीची गाडी की दिवसाची? लोक म्हणतात रात्रीची, मुलं झोपतात. झोपतात, पण कोकणकन्या रत्नागिरीला पहाटे पोचते. गाढ झोपलेली दोन मुलं आणि चार बॅगा अंधारात उतरवायच्या, वर भाऊजींना झोपेतून उठून गाडी घेऊन स्टेशनवर यावं लागतं. मी मांडवीच्या बाजूने आहे. सकाळी निघते, दुपारी पोचवते, आणि डब्यात खायचे पदार्थ घेऊन सतत कोणीतरी फिरत असतं. बोगदे मोजण्यात थोरल्याचा वेळ जातो. एक खूण सांगते: करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला की मुलांना चपला-बूट घालायला घ्या. तो संपल्यावर रत्नागिरी फार लांब नसतं.

निघण्याआधीचे पंधरा दिवस

ही तयारी बहुतेक जण करत नाहीत, आणि सगळ्यात जास्त फायदा हिचाच होतो.

रात्री झोपताना मोबाइलवर फोटो दाखवून माणसं ओळखीची करा. नुसतं "ही आत्या" म्हणून मुलाच्या लक्षात राहत नाही. "ही कोल्हापूरची आत्या, हिच्याकडे पोपट आहे, ही बाबाला अजून बाळ्या म्हणते" असं सांगितलं तर दारात मूल पहिला प्रश्न पोपटाचा विचारतं आणि आत्याचं निम्मं काम तिथेच होतं.

आठवड्यातून दोन-तीनदा जमिनीवर गादी घालून झोपवा. कमोडची सवय असलेल्या मुलाला भारतीय पद्धतीच्या संडासावर बसायचा सराव इथेच द्या. आमच्याकडे हे राहिलं होतं. थोरल्याने दोन दिवस धरून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या घराला त्याच्या पोटाची काळजी. धाकटीचं प्लास्टिकचं भांडं आम्ही सरळ पिशवीत घालून नेतो. कोणी हसलं तर हसू दे.

यजमान घरी एक फोन करा आणि चार गोष्टी विचारा. प्यायचं पाणी विहिरीचं की नळाचं? विहिरीला कठडा किती उंच आहे? रात्रीचा संडास घरात की बाहेर? मच्छरदाणी आहे का? सासूबाईंना मी हे प्रश्न पहिल्यांदा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो, तुझा नवरा याच घरात वाढलाय." वाढलाय खरा, पण त्याच्या कपाळावर पायरीची खूणही आहे. दुसऱ्या वर्षी त्यांनी आपणहून विहिरीवर जाळी बसवून घेतली.

परदेशातून येणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. अमेरिकेतून आलेलं मूल पहिले चार-पाच दिवस रात्री दोनला टक्क जागं असतं. हे दिवस आजीच्या किंवा मामाच्या अशा घरी काढा, जिथे मध्यरात्री वरणभात मागितला तरी कोणी भुवया उंचावणार नाही. लग्नघरी तर मुळीच उतरू नका.

सामान

कपडे कमी, सुती आणि रोज धुऊन वाळवता येतील असे. प्रत्येक मुलाची घरची एक जुनी चादर न धुता न्या. त्या वासावर ती झोपतात. टॉर्च, हातपंखा, घामोळ्याची पावडर. महाग खेळणी घरीच ठेवा, भावंडांत ती मोडतात आणि मग मोठ्यांची तोंडं वाकडी होतात. त्याऐवजी सगळ्यांना मिळून खेळता येईल असं काहीतरी न्या: चेंडू, पत्ते, खडूंची पेटी.

औषधांची पिशवी वेगळी आणि ती कुलूप लागणाऱ्या कपाटात. तापाचं औषध किती मिली द्यायचं, हे निघण्याआधी मुलांचं वजन करून डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. वजन बदलतं, मागच्या वर्षीचा आकडा चालत नाही. ओआरएसची पाकिटं घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं वाचून घ्या. फळांच्या चवीचे गोड डबे म्हणजे ओआरएस नव्हे. लसींच्या कार्डाचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये हवा.

एक रिकामी मजबूत पिशवी तळाशी घडी करून ठेवा. ती कशाला, ते शेवटी येईल.

घाट

रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर साखरप्यानंतर आंबा घाट सुरू होतो. मुलांना लागतो तो इथेच. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी सहसा लागत नाही, त्यापुढे धोका वाढतो. उपाशीपोटी नेऊ नका आणि तुडुंब जेवूनही नको. निघण्याआधी तासभर अर्धी भाकरी किंवा मऊ भात, वाटेत कोरडे चुरमुरे. साखरप्याला पंधरा-वीस मिनिटं थांबा, पाय मोकळे करा. घाटात मोबाइल आणि चित्रांची पुस्तकं बंद, नजर समोरच्या रस्त्यावर, काच थोडी खाली. उलटीचं औषध डॉक्टरांना विचारूनच. सर्रास विकलं जाणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नसतं, मग शेजारच्या सीटवरच्या आजी कितीही मायेने सांगोत. आणि दोन पिशव्या खिशात ठेवा. बॅगेत ठेवलेली पिशवी वेळेवर कधीच सापडत नाही.

घरात शिरल्यावर

पहिल्या दिवशी कुठेही जायचं नाही. देवाला नाही, समुद्रावर नाही, पलीकडच्या वाडीतल्या काकांकडेही नाही.

दारात सगळे मुलावर तुटून पडतात. "ये, पापी दे." मूल आईच्या पदरात शिरतं, मग "शिष्ट झालाय" सुरू होतं. आम्ही मुलांना एवढंच शिकवलंय: वाकून नमस्कार करायचा आणि आपलं नाव सांगायचं. पापी, मांडी, कडेवर जाणं हे त्यांना वाटेल तेव्हा. मोठ्यांना मी हसत सांगते, "दोन तास द्या, मग तोच तुमच्या डोक्यावर बसेल." बसतोच.

दिवसाची घडी दुपारच्या झोपेभोवती बांधा. सकाळी सात ते दहा बाहेर: गोठा, बाग, ओढा. अकरा ते चार घरात. दीड ते साडेतीन झोप, आणि त्या वेळात राष्ट्रपती आले तरी दार लोटलेलं. पाचनंतर पुन्हा बाहेर. जेवणाच्या वेळा मागेपुढे झाल्या, आंघोळ राहिली, दिवसभर एकच चड्डी घालून मूल हुंदडलं, तरी काही बिघडत नाही. झोप गेली की संध्याकाळ सगळ्या घराची जाते.

खाऊवर माझा तोडगा म्हणजे डबा. येणारा प्रत्येक जण चॉकलेट, बिस्किटं, वेफर्स आणतो. परत करता येत नाहीत, खाऊ घालायचीही नसतात. पहिल्याच दिवशी यजमानांकडून एक पत्र्याचा डबा मागून घ्या. आलेला खाऊ देणाऱ्यासमोर मुलाच्याच हाताने डब्यात जातो आणि डबा पाचला उघडतो, घरातल्या सगळ्या पोरांसाठी. देणाऱ्याचा मान राहतो.

सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर त्याला आईचं दूधच. वरचं पाणीही नाही, घुटी नाही. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. त्यातून होणारी विषबाधा लहान बाळांच्या जिवावर बेतू शकते. हे पणजीला कोण सांगणार? ज्याची पणजी, त्याने.

आता कोकणातले धोके, कारण शहरातल्या आईबापांना ते दिसत नाहीत. आंबा खायला देण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवा आणि देठाकडचा चीक पुसून काढा, नाहीतर ओठांभोवती फोड येतात. काजूची बोंडं खाऊ द्या, पण ओल्या बियांना हात लावू देऊ नका. त्यांच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. लहानग्यांना जांभळं बिया काढून, फणसाचे गरे आठळी काढून बारीक तुकडे करून. पाच वर्षांखाली अख्खे शेंगदाणे नकोतच, घशात अडकतात.

लाकडांचा ढीग, जांभ्या दगडाचे गडगे, कोपऱ्यात पडलेल्या चपला ही विंचवाची ठिकाणं. चपला झटकूनच घालायच्या, रात्री अंगणात अनवाणी जायचं नाही. कोकणातला लाल विंचू लहान मुलाच्या जिवावर उठू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि मृत्यू फार कमी झाले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ते औषध वेळेत पोटात गेलं पाहिजे. घाम फुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं यांची वाट न बघता थेट सरकारी दवाखाना गाठा. 108 ला फोन लावला तर रुग्णवाहिका येते. मंत्र घालणारा नंतर भेटला तरी चालेल. कुत्रं चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

समुद्राबद्दल थोडकं. गणपतीपुळ्याचा किनारा सुरेख आहे आणि पोहायला वाईट आहे, खाली ओढतो. तिथे वाळूत खेळा, पाय भिजवा, बस्स. विहिरीपाशी आमच्याकडे एकच नियम: एका वेळी एक मोठा माणूस "माझी पाळी" असं मोठ्याने म्हणतो. वीस जण अंगणात असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याचं लक्ष आहे.

कोल्हापुरात तिखटाचा प्रश्न येतो. तिथल्या घरांत मटण शिजलं की तिखट घालण्याआधी अळणी काढून ठेवतात. पोरांना तेच, भातात कालवून. मागायला लाजू नका, आत्या आधीच वाटी काढून बसलेली असते. अंबाबाईला सुट्टीत जायचं तर पहाटे, नाहीतर रांगेत मुलं हैराण होतात. संध्याकाळी रंकाळा.

सून, जावई आणि घरचं काम

सासरी काय होतं ते उघड सांगते. मी स्वयंपाकघरात, नवरा ओटीवर बालमित्रांबरोबर, आणि मुलं मधल्या मध्ये. आता निघण्याआधीच ठरतं: सासरी मुलांचं खाणं, आंघोळ, झोप त्याच्याकडे, माहेरी माझ्याकडे. ज्याचं घर, त्याने मुलं सांभाळायची. दुसऱ्याने तिथल्या माणसांना हातभार लावायचा. पहिल्या वर्षी सासूबाई "पुरुषाला काय कळतंय" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी धाकटी बापाशिवाय जेवेना, तेव्हा गप्प बसल्या.

आठ-नऊ दिवस चार माणसं वाढली की यजमानांचा खर्चही वाढतो, आणि पैसे हातात दिले तर घेणार नाहीत. म्हणून सकाळी बाजारात तुम्ही जा: मासळी, भाजी, दूध. गॅसची टाकी तुमच्या मुक्कामात संपली तर नवी तुम्ही भरा. एका संध्याकाळी सगळ्यांना बाहेर जेवायला न्या, म्हणजे जावेला चूल बंद ठेवता येईल. मुलांच्या हातावर कोणी किती पैसे ठेवले, ते वहीत लिहून ठेवा. पुढे त्यांच्या पोरांच्या वेळी लागतं.

"किती बारीक झालाय", "जेवतच नाही", "आमची मुलं या वयात..." यांना उत्तर द्यायचं नाही. "हो ना, तुम्हीच भरवून बघा" म्हणायचं आणि ताट त्यांच्या हातात द्यायचं.

पोट बिघडलं तर

एकदा तरी बिघडतंच. म्हणून पाणी पहिल्या दिवसापासून उकळून गार केलेलंच द्या. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात घालू नका. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखाली पाव ते अर्धा कप, त्यापुढे अर्धा ते एक कप, चमच्याने सावकाश. खाणं बंद करू नका: पेज, मऊ भात, ताक. डॉक्टर झिंक देतील, ते चौदा दिवस पूर्ण करा, जुलाब थांबले तरी. शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, सहा तास लघवी नाही किंवा मूल सुस्त पडलं, तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना.

परत निघताना

शेवटचा मुक्काम शक्यतो अशा घरी ठेवा जिथे आपल्यालाही झोपता येतं. माझ्यासाठी ते मिरज. परतीला महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची आहे. इथे मात्र मी रात्रीच्याच गाडीच्या बाजूने, कारण उतरून स्वतःच्याच घरी जायचं असतं. घरी पोचल्यावर कामावर आणि शाळेत जाण्याआधी दोन मोकळे दिवस हवेत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलांना सांगा, अगदी गाडीत बसताना नको. ज्यांच्याशी गट्टी झाली त्यांना त्यांचं त्यांना "येतो" म्हणू द्या. रडणार. रडू द्या, गाडी अर्धा तास आधी बोलवा म्हणजे झालं.

आणि ती रिकामी पिशवी. सासरहून आंबापोळी, कुळथाचं पीठ, सांडगी मिरच्या, कोकमं आणि आगळ (कोकमाचा दाट रस), आत्याकडून चटणीची बरणी, आईकडून हे सगळं पुन्हा एकदा. नको म्हणू नका, पण फणस कापलेला असेल तर निघण्याआधीच बसून गरे संपवा. रेल्वेच्या बंद डब्यात त्याचा वास पुण्यापर्यंत शेजाऱ्यांना सोसत नाही. आगळाच्या बाटलीला झाकणाखाली प्लास्टिक लावून ती उभीच ठेवा. आमच्या धाकटीच्या त्या घरच्या जुन्या चादरीवर अजून जांभळा डाग आहे, आणि ती आता त्याच्याशिवाय झोपत नाही.